घाटावर माईक नव्हता

भास्कर,

परवा तुझा दहावा झाला. घाटावर माईक नव्हता. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत ऐकशील. नाहीतर तुझी सवय मला ठाऊक आहे. समोरचा बोलत असला की मुद्दा कधी येतो याची तू घड्याळ बघत वाट बघायचास.

माईक नव्हता म्हणून आपली पोरं माझ्यावर रुसलीत. पोपट दोन दिवस माझा फोन उचलत नाही. ज्यानं तुझ्या तिन्ही निवडणुकांत जीप चालवली, तुझ्यापायी सोयऱ्याधायऱ्यांशी वाकडं घेतलं, त्या पोपटला वाटतंय की वकिलानं, म्हणजे मी, साहेबांना मुकंच पाठवलं. चावडीवर त्याच्याही पुढची बातमी आहे. वकील म्हणे कारखान्याच्या चेअरमनला फितूर झाला. निवडणूक तोंडावर आहे, कमांडरसाहेबांच्या नावानं लोक हळवे झालेत, अशा वेळी माईक बंद ठेवला म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. गावानं एकदा ठरवलं की ठरवलं, तिथं अपील नाही.

आता तूच बघ. तालुक्यात सगळ्यांत जास्त बोलणारा माणूस मी. कोर्टात बोलतो, लग्नात बोलतो, चौदा एप्रिलला बोलतो, कुणी बोलावलं नाही तरी बोलतो. आणि जन्माचा मित्र गेला तेव्हा मी तोंड मिटून पायरीवर बसलो. जीव नुसता गुदमरला रे. म्हणून हे लिहितोय. बोलायचं नाही असं तू म्हणाला होतास, लिहिण्याबद्दल काही म्हणाला नव्हतास. वकिलाला एवढी पळवाट पुरते.

दहाव्याचं हे प्रकरण तुला मीच समजावलं होतं, आठवतं? आपल्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर विधी होतो, पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात, एवढं तुला माहीत होतं. पण तू इतकी वर्षं आकाशात होतास तेवढ्यात दहाव्याला माईक आला होता, हे तुला माहीत नव्हतं. एका बाजूला मुंडण केलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला पिंड, आणि मध्ये टेबलावर हार घातलेला फोटो नि माईक. महाराजांचं प्रवचन संपलं की श्रद्धांजल्या सुरू. आधी सरपंच, मग दूधवाले, मग पंचायत समितीवाले, शेवटी आमदार. भाषण झालं की नेत्यानं हात जोडायचे, गाडीत बसायचं आणि पुढचा घाट गाठायचा. एकेका सकाळी तीन-तीन दहावे. कोण कुणाच्या आधी बोलणार यावरून माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात, आणि ती नावं पुकारायचं काम बहुतेक घाटांवर माझ्याकडे असायचं. आमच्या बौद्ध लोकांत दहावा नसतो, पुण्यानुमोदन असतं. आता त्यालाही माईक आलाय, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवत नाही.

तू एअर कमोडोर म्हणून निवृत्त होऊन गावी आलास. तो हुद्दा काही गावाच्या जिभेवर बसला नाही, म्हणून तू 'कमांडरसाहेब' झालास. मी मात्र तुला भास्करच म्हणत राहिलो. लहानपणी तू भीमनगरात आमच्या घरी जेवायचास, तुझ्या घरी कळलं की मार खायचास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचास. पुढं तुझ्या प्रचारात कुणीतरी याला समाजसुधारणा म्हणायला लागलं, तर तू त्याला तिथंच थांबवलंस. "वकिलाच्या आईची शेंगदाण्याची चटणी आमच्या घरच्यापेक्षा तिखट होती, एवढंच कारण," म्हणालास. मी कपाळावर हात मारला. मतांचं एवढं चांगलं भांडवल तू चटणीवर घालवलंस.

पहिल्या निवडणुकीच्या आधीचा तो दहावा मी विसरणार नाही. नदीपलीकडचे एक जुने बागायतदार गेले होते. घाट माणसांनी भरलेला. मी माईकवर तुझं नाव पुकारलं. नुसतं नाव नाही, 'शत्रूच्या उरात धडकी भरवणारे' वगैरे सगळं साग्रसंगीत. तू उठलास, फोटोला नमस्कार केलास, माईकच्या शेजारून सरळ पुढं गेलास आणि मुंडण केलेल्या त्या मुलाजवळ सतरंजीवर मांडी घालून बसलास. मी पुन्हा पुकारलं. तू मानेनंच नाही म्हणालास. घाटावर कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात चेअरमन उठले. साखर कारखान्याचे चेअरमन, म्हणजे तुझे कायमचे विरोधक. त्यांनी माईक हातात घेतला आणि गेलेल्या माणसावर असे बोलले की ते बागायतदार स्वतः ऐकत असते तर त्यांनाही स्वतःची ओळख पटली नसती.

परतताना जीपमध्ये मी तुला फाडून खाल्लं.

"दोन शब्द बोलायला काय जात होतं तुझं?"

"मी त्यांना ओळखत नव्हतो."

"अरे, ओळखत नाही त्याच्यावरच तर बोलायचं असतं. ओळखीच्या माणसावर बोलताना माणूस अडखळतो."

"मग अडखळणाऱ्यानं बोलावं. बाकीच्यांनी बसावं."

पोपट गाडी चालवता चालवता म्हणाला, "सायेब, तुमचं समदं खरं हाय. पर लोकांला वाटलं तुमाला गर्व हाय. माईकवर न्हाई गेलं म्हंजी मानूस सोताला लई मोठा समजतो, असं हाय आपल्याकडं."

तू खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिलास. त्या गावात आपल्याला मतं किती पडली ते आता काढत नाही. मेल्या माणसाशी किती भांडायचं?

तशी तुझी एकच खोड असती तर मी निभावून नेलं असतं. सहाची सभा तू सहाला सुरू करायचास. समोर माईकवाला, मंडपवाला आणि एक शेळी. सात वाजता लोक यायला लागायचे तेव्हा तू आभार मानून खाली उतरत असायचास. त्या पहिल्या निवडणुकीत पडल्यावर तू सगळ्यांना अंगणात गोल बसवलंस आणि म्हणालास, विमान खाली उतरलं की आम्ही हेच करतो, ज्यानं त्यानं आपापली चूक सांगायची, सगळ्यांत धाकट्यानं आधी. कुणाच्या तोंडातून शब्द फुटेना. राजकारणात चूक नेहमी दुसऱ्याची असते, हे शिकवायला आम्ही या पोरांवर इतकी मेहनत घेतली होती! शेवटी तूच सुरुवात केलीस आणि स्वतःच्या चुका एकेक करून सांगितल्यास. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, दहाव्याला माईकवर गेलो नाही ही चूक झाली. ती तेवढी सोडून बाकी सगळं सांगितलंस. मी मनात म्हटलं, हा बाबा ऐकायचा नाही.

मग पोपटचे वडील वारले. नानांच्या दहाव्याला मी तुझं नाव पुकारलंच नाही, पुन्हा शोभा कशाला? आणि तू आपण होऊन उठलास. माईकसमोर उभा राहून बराच वेळ नुसता बघत राहिलास. मला वाटलं, झालं, आता अडखळणार. अडखळलासही.

म्हणालास, "नानांनी मला मत दिलं नव्हतं. हे त्यांनी मला घरी बोलावून सांगितलं. म्हणाले, पोरगं तुमच्याबरोबर फिरतंय तेवढं पुरे, मत मी चेअरमनलाच देणार, त्यांनी माझ्या उसाला वेळेवर तोड दिलीय. मग मला चहा दिला. मी निघालो तर मागून हाक मारून म्हणाले, तिकडून नका जाऊ, बाभळीचे काटे हायेत." मग "मला नाना आवडायचे," एवढं म्हणून खाली बसलास.

लोक आधी हसले. दहाव्याला हसले, भास्कर! आणि मग पोपटनं असा हंबरडा फोडला की समोरच्या रांगेतले चेअरमनसुद्धा उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

मी जीपमध्ये तुझ्या पाठीत गुद्दा घातला. "बघ, जमतंय की तुला!"

"नानांना ओळखत होतो."

"मग ओळखी वाढव की लेका!"

मी चिडून बोललो होतो. तू हुकूम समजलास. दुसऱ्याच आठवड्यापासून तू म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जायला लागलास, तेही ते चांगले धडधाकट असताना. ओट्यावर, गोठ्यात, बाजेवर जिथं जागा मिळेल तिथं बसायचास आणि ऐकायचास. कुणाचे गुडघे, कुणाची पुण्यातली सून, कुणाची आटलेली म्हैस. काष्टीच्या बाजारात जनावरं विकायला आलेली माणसं तुला नावानिशी हाका मारायला लागली. एका आजीला तू भोळेपणानं खरं कारण सांगून टाकलंस, की दहाव्याला येण्यापेक्षा आधीच येऊन जावं म्हटलं. मी तर डोळेच मिटून घेतले. आजी तोंडाला पदर लावून म्हणाली, "आगं बया! म्हंजी कावळ्याच्या आदी तूच आलास व्हय रं?" आणि मग तुला तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही.

दुसऱ्या वेळी तू निवडून आलास. मी म्हणत होतो, या ओट्यांवरच्या बैठकांनी निवडून आलास. तू म्हणत होतास, कांद्याचे भाव पडले म्हणून लोक सत्तेवाल्यांवर चिडले, त्यात माझं काही नाही. हा वाद आपण कधीच मिटवला नाही. आता माझंच खरं धरतो.

सत्ता तर आलीच नाही. तू पाच वर्षं विधानसभेत विरोधी बाकावर बसलास आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं. एवढा मोठा अधिकारी, ज्याच्या शब्दावर विमानं उडायची, त्यानं एका बंधाऱ्याच्या दरवाज्यासाठी चार-चार वेळा उभं राहून तोच प्रश्न विचारायचा? तुला नाही वाटायचं. म्हणायचास, "शिकाऊ पोराच्या मागच्या सीटवर मी किती वर्षं बसलोय माहितीय? विमान पुढचा चालवतो. आपण लक्ष ठेवायचं आणि चुकला की सांगायचं. ओरडायचं नाही, ओरडलं की तो जास्त चुकतो." तू खरंच कधी ओरडला नाहीस. त्यामुळे तुझं नाव पेपरात कधी आलं नाही. पण त्या बंधाऱ्याला दरवाजे बसले, आणि उद्घाटनाला चेअरमननी नारळ फोडला तेव्हा टाळ्या वाजवायला तू तिसऱ्या रांगेत होतास. मी आलो नव्हतो. माझ्यात तेवढं मन नाही.

माईकबद्दलचं खरं कारण तू मला फार उशिरा सांगितलंस. आपण राळेगणला पाणलोटाचं काम बघायला गेलो होतो. परतताना रस्त्याकडेच्या टपरीवर चहाला थांबलो. उन्हं कलायला आली होती. मी पुन्हा तोच विषय काढला होता, आणि तू एकदम म्हणालास, "मी एकदा दहा मिनिटं बोललोय, वकील. तेवढं पुरे झालं."

तुझ्या हाताखालचा एक तरुण वैमानिक सरावाच्या उड्डाणात गेला होता. त्याच्या घरी तू स्वतः गेलास. दूरचं एक गाव, दोन खोल्यांचं घर. तू पूर्ण गणवेशात, आणि बोलायचं सगळं मनात घोकून ठेवलेलं. देश, कर्तव्य, आम्हा सर्वांना त्याचा अभिमान. तू बोलत होतास, वडील ऐकत होते. तुझं बोलणं संपलं तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या आईनं एवढंच विचारलं, "सकाळी काही खाल्लं होतं का त्यानं?"

"मला माहीत नव्हतं," तू म्हणालास. "त्याचे उड्डाणाचे तास माहीत होते, त्याच्या इंजिनाची सगळी कुंडली माहीत होती. हे माहीत नव्हतं. आणि मी दहा मिनिटं बोललो होतो."

चहा तसाच गार झाला. टपरीवाल्यानं विचारलं, साहेब, दुसरा आणू का? तू मान हलवलीस आणि आपण निघालो. त्यानंतर मी तुला माईकवर जा असं कधी म्हणालो नाही. तिसऱ्या वेळी पडलास तेव्हासुद्धा नाही.

पडल्यावर तू जास्तच मोकळा झालास. तुला मधुमेह झाला आणि शैलावहिनींनी तुझा गूळ बंद केला, हा तुझ्यावर झालेला सगळ्यांत मोठा अन्याय असं तू मानायचास. जन्मभर कारखान्याशी भांडला आणि साखर शेवटी रक्तात घेऊन बसला, असं चेअरमन भर लग्नात म्हणाले होते, त्यावर सगळ्यांत मोठ्यानं तूच हसला होतास. वहिनींचा पहारा कडक. साखरेचा डबा त्यांनी कुठं ठेवलाय ते विमानातून टेहळणी करूनही सापडलं नसतं. म्हणून तुझ्या सकाळच्या फिरण्याची वाट भीमनगरावरून जायला लागली. माझी बायको मंगल चुलीपाशी असायची. तू हक्कानं पाट ओढायचास. जेवण झालं की ताट बोटानं निपटून घ्यायचास आणि मग खालच्या आवाजात, जणू काही लष्करी गुपित आहे, "मंगल, एक खडा." ती माझ्याकडे बघायची. मी पेपरात तोंड घालायचो.

त्या दिवशीही आलास. वहिनी बंगळुरूला लेकीकडे, मृणालकडे गेलेल्या, त्यामुळे तू जरा जास्तच ऐटीत होतास. आदल्या दिवशी आपण एका दहाव्याला जाऊन आलो होतो. तिथं एका पुढाऱ्यानं गेलेल्या माणसाचं नावच चुकीचं घेतलं होतं आणि तेच नाव घेऊन तो शेवटपर्यंत रडला होता. त्याची आठवण काढून आपण हसत होतो. हसता हसता तू भाकरीचा तुकडा मोडलास आणि म्हणालास, "माझ्या दहाव्याला माईक नको हं."

"तुझ्या दहाव्यात मला कोण विचारतंय? मी बौद्ध माणूस."

"माईक तुझ्या हातात असतो. म्हणून तुला सांगतोय."

"आणि मी काय करू? माझं भाषण वाया घालवू?"

"तू शैलाजवळ बस. मृणालजवळ बस. नुसता बस."

मी म्हणालो, "आधी मर तरी, मग बघू."

तू खो खो हसलास. मंगलनं मला चुलीपाशी बसल्या बसल्या दटावलं, असलं अभद्र बोलू नका म्हणून. तू आणखी अर्धी भाकरी मागून घेतलीस. दुपारी पोपटचा फोन आला. शेतातल्या लिंबाखाली खुर्चीत बसल्या बसल्याच गेला होतास.

बाकी सगळं रीतसर झालं. सलामी झाली, पुष्पचक्र झालं. ते तुझ्या जुन्या घरचं, हवाई दलाचं होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. प्रश्न दहाव्याचा होता. कारण नीट बघितलं तर मी तुला शब्द दिलाच नव्हता. 'बघू' म्हणालो होतो. कोर्टात 'बघू' म्हणजे काहीच नसतं. आणि माझ्याकडे भाषण तयार होतं, भास्कर. खोटं कशाला सांगू, स्मशानातून परत येतानाच मनात वाक्यं जुळायला लागली होती. चटणीपासून सुरुवात करणार होतो. अख्खा घाट रडला असता.

पोपटला मी माईक नाही म्हणून सांगितलं तर तो थेट ओट्यावर चढून आला.

"वकीलसायेब, डोकं ठिकान्यावर हाय का तुमचं? झेडपी तोंडावर हाय. सायबांच्या दहाव्याला पंचक्रोशी लोटनार. आन् माईक न्हाई? तुमी न्हाई बोलायचं तर मग कुनी बोलायचं सायबांवर?"

"त्यानंच नको म्हणून सांगितलंय."

"कवा? कुनाम्होरं?"

"मंगल होती."

"बायकुची साक्ष चालती व्हय तुमच्या कोर्टात?" असं म्हणून तो निघून गेला. जाताना त्याचे डोळे भरले होते. त्यालाही तुझ्यासाठी काहीतरी मोठं करायचं होतं, त्याचं काय चुकलं?

संध्याकाळी चेअरमनांचा फोन. "वकील, ऐकतोय ते खरं हाय का? आरं, उभा जल्म आमी त्यांच्यासंगं भांडलो. त्यांच्यावर बोलायचा हक्क तुमच्यापरीस आमचा जास्त हाय." आवाजात राजकारण नव्हतं. निदान मला ऐकू आलं नाही. मी थोडा विरघळलोच. म्हटलं, वहिनींना विचारतो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आल्यागेल्याला हात जोडत. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं आणि त्यांचं काय ठरलं होतं ते तुम्हांला माहीत. मला विचारू नका." ठरलं काहीच नव्हतं, हे त्यांना कसं सांगू? मी चेअरमनना परत फोन लावला आणि म्हणालो, "जरूर या. जे बोलायचं ते त्याच्या घरच्यांजवळ बसून बोला. माईक मात्र नाही." त्यांनी फोन ठेवला.

परवा सकाळी घाट माणसांनी फुलून गेला होता. विधी मृणालनं केले. कावळा लगेच शिवला. मी यातलं काही मानत नाही, तरी सांगतो. लोक म्हणाले साहेबांची काही इच्छा मागं राहिली नाही. मला वाटलं, भोंगे नव्हते म्हणून बिचाऱ्या पाखरांना पहिल्यांदाच खाली उतरायचा धीर झाला असेल. हे तुला सांगायला मान वळवली आणि मग लक्षात आलं.

त्यानंतर जी गंमत झाली ती बघायला तू हवा होतास. भाषणं नाहीत म्हटल्यावर उठायचं कधी हेच कुणाला कळेना! एरवी नेता बोलतो आणि जातो, त्याच्यामागं त्याची माणसं जातात. इथं जायची खूणच नाही. पुढारी एकमेकांकडे बघत होते. चेअरमन आले, नजर सवयीनं टेबल शोधत राहिली, टेबल नव्हतं. खुर्चीही नव्हती. मग ते गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं सतरंजीवर बसले, नेमके पोपटजवळ. हातांचं काय करावं ते त्यांना समजेना. एकदा मोबाईल काढला, परत खिशात घातला. थोड्या वेळानं सरकत सरकत मृणालजवळ गेले आणि तिच्याशी हळूहळू काहीतरी बोलायला लागले. काय ते मला ऐकू आलं नाही. ती मान हलवत होती. मधेच ती जरा हसल्यासारखीही वाटली. बाकीची माणसंही तशीच बसून राहिली. नदीचा आवाज येत होता. मला वाटतं, त्या घाटावर तो आम्ही सगळ्यांनी कित्येक वर्षांनी ऐकला.

वहिनी बायकांच्या बाजूला खालच्या पायरीवर होत्या. मी पाणी द्यायला गेलो तर त्यांनी हातानं बस म्हणून खूण केली. मी एक पायरी सोडून बसलो. माझ्या खिशात भाषणाचा कागद नव्हता, पण सगळी वाक्यं घशाशी आली होती. समोर हजार माणसं, आणि मी गप्प. मनात तुला शिव्या दिल्या, तेवढी सवलत घेतली.

बऱ्याच वेळानं वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? इतके दिवस विचारायचं होतं. सारखी माणसं, सारखे फोन, कुणी एकटं भेटतच नव्हतं."

"विचारा ना."

"त्या दिवशी सकाळी त्यांनी काही खाल्लं होतं का?"

मी पाण्याकडे बघत राहिलो. मग सांगितलं. "खाल्लं होतं, वहिनी. आमच्याकडेच. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, चटणी. वर अर्धी भाकरी मागून घेतली. ताट निपटून घेतलं."

त्यांनी मान हलवली. मग थोड्या वेळानं, "आणि गूळ?"

मी वकील माणूस. साक्षीदाराला काय सांगावं आणि काय गाळावं हे शिकवण्यात माझा जन्म गेला. पण तिथं मला काही गाळता आलं नाही.

"खाल्ला," मी म्हणालो. "मंगलनं मोठा खडा दिला होता."

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि मग त्या रडल्या, पोटातून, मोठ्यानं. मृणाल उठून त्यांच्याकडे आली. घाटावरची माणसं वळून बघायला लागली.

मी काही बोललो नाही, भास्कर. होतो तिथंच बसून राहिलो.